चौथा न्यूट्रिनो 'सापडला नाही' म्हणजे नेमकं काय झालं?

मृद्गंधा:

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मोठा होणार आहे, सांभाळून घ्या.

डिसेंबर २०२५ मध्ये एकाच आठवड्यात 'नेचर'मध्ये दोन पेपर आले, एक अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या मायक्रोबून प्रयोगाचा आणि दुसरा जर्मनीतल्या काट्रिनचा. दोघांचं म्हणणं एकच, की स्टराइल न्यूट्रिनो नावाचा जो हलका चौथा न्यूट्रिनो लोक तीसेक वर्षं शोधतायत तो आम्हाला दिसला नाही. दोन दिवसांनी नाशिकहून मामाचा फोन आला, "अगं तुमचा तो कण सापडलाच नाही म्हणे, मग एवढी वर्षं काय केलंत?" त्याने अगदी मनापासून विचारलं होतं आणि मला फोनवर धड सांगता आलं नाही, तेव्हापासून ते डोक्यात राहिलंय. मी पीएचडी मायक्रोबूनच्याच डेटावर केली, आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, पण त्या चित्रांसमोर ज्या रात्री काढल्यात त्या विसरता येत नाहीत. म्हणून मामासाठी आणि इथल्या सगळ्यांसाठी लिहिते.

आधी थोडी पार्श्वभूमी. न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, जवळजवळ वजन नसलेला कण. सूर्यातून, अणुभट्टीतून, वातावरणातून सतत येत असतो आणि आपल्या आरपार जातो. पाउलीने १९३० मध्ये तो कल्पनेने मांडला आणि १९५६ मध्ये राइनेस आणि कोवन यांनी अणुभट्टीजवळ तो पकडला, मध्ये २६ वर्षं गेली. आज तीन प्रकार माहीत आहेत, इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो, म्युऑन न्यूट्रिनो आणि टाऊ न्यूट्रिनो. गंमत अशी की हे तिघे प्रवासात एकमेकांत बदलतात. रे डेव्हिस यांनी साउथ डकोटातल्या होमस्टेक खाणीत कपडे ड्रायक्लीन करायच्या द्रवाची सहाशे टनांची टाकी ठेवून सूर्याचे न्यूट्रिनो मोजले तर अपेक्षेच्या एक तृतीयांशच मिळाले. कित्येक वर्षं लोकांना वाटत होतं की प्रयोग चुकला असेल किंवा सूर्याचं गणित चुकलं असेल. दोन्ही बरोबर होतं, न्यूट्रिनो वाटेत रूप बदलत होते. हे जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने १९९८ मध्ये आणि कॅनडाच्या एसएनओ प्रयोगाने २००१-०२ मध्ये पक्कं केलं आणि २०१५ चं नोबेल त्यालाच मिळालं.

आता चौथ्याची भानगड. १९९३ ते १९९८ या काळात न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसला एलएसएनडी नावाचा प्रयोग चालला. १६७ टन तेलाची टाकी, न्यूट्रिनो जिथे तयार होतात तिथून फक्त ३० मीटर लांब. एवढ्या कमी अंतरात तीन माहीत असलेल्या न्यूट्रिनोंना रूप बदलायला वेळच मिळत नाही, पण त्यांना साधारण ८८ घटना जास्तीच्या दिसल्या. ८८ म्हणजे काही फार मोठा आकडा नाही, पण तेवढ्या घटनांनी पुढची तीस वर्षं झोप उडवली. त्यांचा एक अर्थ असा निघत होता की अजून एक न्यूट्रिनो आहे, जो कशाशीच क्रिया करत नाही, फक्त बाकीच्या तिघांत मिसळतो. तोच स्टराइल.

ऑफिसला निघायचंय, पुढचं प्रतिसादांत लिहिते. प्रश्न विचारा.

सई_पुणे:

वाचतेय. पहिला प्रश्न नावाबद्दल. मराठीत काय म्हणायचं? एका लेखात 'निर्जंतुक न्यूट्रिनो' वाचलं होतं, ते तर सरळ चुकीचं वाटतं. आणि 'वांझ' हा शब्द मला लिहवत नाही.

मृद्गंधा:

सई, मलाही नाही लिहवत. हा शब्द ब्रुनो पोंटेकोर्वो यांनी १९६७ च्या सुमारास वापरला आणि तोच रूढ झाला. अर्थ एवढाच की हा कण कमकुवत बलालासुद्धा (बाकीचे न्यूट्रिनो ज्या बलाने क्रिया करतात त्याला) दाद देत नाही, फक्त गुरुत्वाकर्षण त्याला लागू. मी घरी आईला सांगताना 'अलिप्त न्यूट्रिनो' म्हणते. कमळाच्या पानावर पाणी कसं असतं, पानावरच असतं पण पान भिजत नाही. सगळीकडे असून कशाला न चिकटणारा. पण तरी तो बाकीच्यांत मिसळतो, आणि त्या मिसळण्यामुळेच त्याचा माग काढता येतो, नाहीतर शोधायचा कसा?

रानवारा:

'अलिप्त' छान आहे, मी तोच वापरतो यापुढे.

एक शंका. आम्हाला एमएस्सीला शिकवलं होतं की न्यूट्रिनो तीनच, चौथा असूच शकत नाही, सर्नच्या (युरोपची कणभौतिकीची प्रयोगशाळा) प्रयोगातून सिद्ध झालंय. मग तीस वर्षं चौथा शोधायचा घाट कशाला घातला?

मृद्गंधा:

रानवारा, बरोबरच शिकवलंय. सर्नच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात एलईपी नावाचा कोलायडर (कण एकमेकांवर आपटवणारं यंत्र) होता, तिथे झेड बोसॉन (कमकुवत बल वाहणारा कण) किती पटकन विघटित होतो ते मोजून किती प्रकारचे हलके न्यूट्रिनो आहेत ते काढलं. उत्तर आलं २.९८४, म्हणजे तीन. पण ही मोजणी फक्त झेडशी बोलणाऱ्या न्यूट्रिनोंची आहे. जो झेडशी बोलतच नाही तो त्या मोजणीत येणार कसा? म्हणून एलएसएनडीचं म्हणणं खरं धरलं तर चौथा अलिप्तच असावा लागतो, दुसरी वाट राहत नाही.

आणि चौथा लागतोच कशाला ते तंबोऱ्यावरून सांगते, मला स्वतःला ते तसंच समजलं. जोडीच्या दोन तारा जरा कमीजास्त लागलेल्या असल्या की आवाजात लाटा येतात, हळूहळू चढतो, उतरतो, परत चढतो. सुरांत फरक जितका जास्त तितक्या त्या लाटा भराभर येतात. न्यूट्रिनोचं तसंच आहे. इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो म्हणजे एका वजनाचा एक कण नाहीच, तो तीन वेगवेगळ्या वजनांच्या अवस्थांचं मिश्रण आहे, आणि त्या एकत्र वाजताना ज्या लाटा येतात तेच रूप बदलणं. तीन तारा असल्या तर स्वतंत्र फरक दोनच निघतात (तिसरा त्या दोघांच्या बेरजेवजाबाकीतून येतो). ते दोन्ही मोजून झालेत, एक साधारण ०.००००७५ आणि दुसरा ०.००२५, एकक इलेक्ट्रॉनव्होल्टचा वर्ग (कणांचं वजन इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मोजतात, आणि हा फरक वजनांच्या वर्गांमधला). एलएसएनडीला ३० मीटरवर लाट दिसली म्हणजे फरक साधारण १ च्या घरातला हवा, काही शे पटींनी मोठा. तीन तारांत तो बसतच नाही, चौथी तार हवी.

केतकी_तानपुरा:

गेली अठरा वर्षं तानपुऱ्यावर बसते पण असं कधी डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे दोन तारा पूर्ण मिळाल्या, एकच सूर झाला, तर लाटा थांबतात. मग न्यूट्रिनोंची वजनं सारखी असती तर ते बदललेच नसते?

मृद्गंधा:

केतकीताई, अगदी तेच. आणि तिघांचंही वजन शून्य असतं तरी बदलले नसते. म्हणून रूप बदलणं दिसलं तेव्हाच कळलं की न्यूट्रिनोला वजन आहे. नोबेल त्याचं होतं.

अनिकेत_नगर:

ताई राग मानू नका पण मामांचा प्रश्न मला पटतो. आमच्या तालुक्यात अजून उन्हाळ्यात टँकर येतो आणि तिकडे एका न दिसणाऱ्या कणामागे तीस वर्षं कोट्यवधी डॉलर, आणि शेवटी 'नाही सापडला'. सापडला असता तर समजू शकलो असतो.

मृद्गंधा:

अनिकेतदादा, राग कशाला. तुमच्या प्रश्नाचा पैशाचा जो भाग आहे, त्यावर माझ्याकडे टँकरला पुरेल असं उत्तर नाही आणि मी ते आहे असं दाखवणार नाही. पण 'नाही सापडला' याबद्दल नक्की बोलेन, कारण तिथेच गैरसमज होतोय.

किल्ली घरभर शोधून नाही सापडली, आणि किल्ली घरात नाहीये हे कळलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत फक्त शोधून झालं. दुसरीसाठी प्रत्येक खोली, प्रत्येक खण नीट बघितल्याचा पुरावा द्यावा लागतो. मायक्रोबूनने दुसरी गोष्ट केलीय आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी अवघड आहे.

एलएसएनडीनंतर फर्मीलॅबने तोच दावा तपासायला मिनीबून बांधला. १२ मीटर व्यासाचा गोळा, आत ८०० टन खनिज तेल, आतल्या बाजूने प्रकाश टिपणाऱ्या नळ्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा एलएसएनडीमधूनच काढून आणलेल्या. २००२ ते २०१९ चालला. त्यालाही जास्तीच्या घटना दिसल्या, शेवटच्या हिशोबात ६३८, सिग्मा ४.८ (सिग्मा म्हणजे हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता किती कमी याचं माप). पाच सिग्माला शोध म्हणतात, म्हणजे हे उंबरठ्यावर. पण एक मोठी अडचण होती. तेलात इलेक्ट्रॉन आला तरी प्रकाशाचं धूसर कडं दिसतं आणि फोटॉन (प्रकाशाचा कण) आला तरी अगदी तसंच कडं दिसतं. इलेक्ट्रॉन असेल तर चौथ्या न्यूट्रिनोची गोष्ट, फोटॉन असेल तर कदाचित साधी पार्श्वभूमी, कुठल्यातरी पायऑनच्या (टक्करीत निघणाऱ्या एका अल्पायुषी कणाच्या) विघटनाचा नीट न मोजलेला भाग. आणि यंत्राला दोघांतला फरकच कळत नाही. सतरा वर्षांचा डेटा, आणि मुख्य प्रश्नाचं उत्तर त्या यंत्रात मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून मायक्रोबून.

डोंबिवलीकर_सर:

मृद्गंधा, फार सुंदर चाललंय. मी निवृत्त प्राध्यापक, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. इथे एक आठवण लिहितो, विषयाला धरूनच आहे. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा दिसले त्यात आपलं नाव आहे. १९६५ साली कोलार सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था), जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम अशी तीन ठिकाणची मंडळी मिळून प्रयोग करत होती. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम ही नावं तिथली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत राइनेस यांच्या गटालाही दिसले, दोघांचे पेपर ऑगस्टमध्ये काही दिवसांच्या अंतराने आले. हे मी दरवर्षी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा ताठ बसायची.

आता प्रश्न. तुमच्या यंत्राला इलेक्ट्रॉन आणि फोटॉनमधला फरक कसा काय कळतो?

मृद्गंधा:

सर, नमस्कार. कोलारबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं, इथे आमच्या ग्रुपमध्येही कित्येकांना माहीत नव्हतं.

आता माझ्या आवडीच्या भागावर येते. मायक्रोबून म्हणजे १७० टन द्रवरूप आर्गॉन, उणे १८६ अंशांना, साधारण शाळेच्या बसएवढ्या लांबीच्या डब्यात. न्यूट्रिनो आर्गॉनच्या अणूवर आपटला की जे कण निघतात ते जाताना मागे सुट्या इलेक्ट्रॉनांची रेघ सोडतात. डब्याच्या एका बाजूला ७० हजार व्होल्ट लावलेत, त्यामुळे ती अख्खी रेघ हळूहळू सरकत दुसऱ्या बाजूला जाते, पूर्ण रुंदी ओलांडायला २ मिलिसेकंदांच्या वर लागतात. तिकडे आठ हजारांवर बारीक तारा ३ मिलिमीटरच्या अंतराने तीन थरांत ताणलेल्या असतात, प्रत्येक थर वेगळ्या कोनात. त्या तारांवर जे उमटतं त्याचं चित्र होतं. निळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा, जिथे ऊर्जा जास्त सांडली तिथे लाल.

डिटेक्टर जमिनीच्या पृष्ठभागाजवळ आहे त्यामुळे प्रत्येक चित्रात वीसेक तरी कॉस्मिक म्युऑन (अवकाशातल्या किरणांमुळे वरून येणारे कण) आडवे-तिडवे गेलेले असतात. त्या गर्दीत एक बिंदू शोधायचा. समजा सापडला. तिथून एक आखूड, जाड, टोकाला लाल झालेली रेघ निघते, तो प्रोटॉन. आणि दुसरीकडे एक रेघ थोडी सरळ जाऊन मग पिसारते, खराट्याच्या काड्यांसारखी. हा पिसारा इलेक्ट्रॉनचाही असू शकतो आणि फोटॉनचाही. आता झूम करायचं. पिसारा त्या बिंदूला चिकटून सुरू होतोय का? फोटॉनला विद्युतभार नाही म्हणून तो काही सेंटिमीटर काहीही न उमटवता जातो आणि मग त्याची इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी होते. म्हणजे बिंदू आणि पिसाऱ्यामध्ये रिकामी जागा दिसते. मिनीबूनला सतरा वर्षं न दिसलेला फरक तो हाच, मधल्या रिकाम्या जागेचा. आणि जागा योगायोगाने अगदी कमी असली तर दुसरी खूण, पिसाऱ्याची पहिली दोन-चार सेंटिमीटर बघायची. एकटा इलेक्ट्रॉन असेल तर सेंटिमीटरला साधारण २ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा सांडते, जोडी असेल तर दुप्पट, साधारण ४. रंगातच कळतं.

अशी शेकडो चित्रं मी डोळ्यांनी बघितलीत. खरी निवड प्रोग्रॅम करतो, पण प्रोग्रॅम कुठे चुकतोय ते बघायला माणूसच लागतो. एकदा रात्री दोन वाजता एक पिसारा मला अगदी बिंदूला चिकटलेला दिसला, इतका सुंदर की मी शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीला हाक मारली. तिने दुसऱ्या थरातलं चित्र उघडलं, त्या कोनातून तीन तारांएवढी जागा रिकामी होती. फोटॉन. एक सेंटिमीटरसुद्धा नाही. तेव्हापासून मी तिन्ही थर उघडल्याशिवाय कशालाच इलेक्ट्रॉन म्हटलं नाही.

सई_पुणे:

बापरे. अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

रानवारा:

मग २०२१ मध्येच मायक्रोबूनने 'नाही' म्हणून सांगितलं होतं ना? बातमी आठवतेय. आता परत चार वर्षांनी तेच का?

मृद्गंधा:

चांगलं पकडलंत. ऑक्टोबर २०२१ ला जे जाहीर झालं ते असं की मिनीबूनला जास्तीच्या दिसलेल्या घटना इलेक्ट्रॉनच्या असतील तर त्या आमच्याकडे दिसायला हव्या होत्या, आणि त्या दिसल्या नाहीत. आम्ही महत्त्वाचा डेटा मुद्दाम झाकून ठेवून आधी सगळी पद्धत पक्की करतो आणि मगच तो डेटा उघडतो, म्हणजे आपल्याला हवं ते उत्तर नकळत ओढून आणलं जाऊ नये. डेटा उघडला तेव्हा कोविडमुळे सगळे आपापल्या घरून ऑनलाइन. आलेख स्क्रीनवर आला आणि बराच वेळ कोणी काही बोललंच नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून बघत होते. मला रडू आलं, पण निराशेने नाही, सहा वर्षं जे यंत्र आम्ही समजून घेतलं त्याने सरळ उत्तर दिलं होतं.

पण त्यात एक फट राहिली होती. चौथा न्यूट्रिनो असेल तर दोन गोष्टी एकदम होतात, म्युऑन न्यूट्रिनोंपैकी काही इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो होतात, आणि आमच्यावर सोडलेल्या न्यूट्रिनोंच्या झोतात (तो बहुतेक म्युऑन न्यूट्रिनोंचा) मुळातच असलेले इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो काही प्रमाणात गायब होतात. एक जमा, एक खर्च. दोन्ही सारखे झाले तर शिल्लक तीच दिसणार आणि आपल्याला वाटणार काहीच व्यवहार झाला नाही.

ती फट दुसऱ्या झोताने बुजवली. फर्मीलॅबमध्ये दोन न्यूट्रिनो झोत आहेत आणि मायक्रोबूनवर दोन्ही पडतात, एक समोरून, दुसरा बाजूने कोनात. पहिल्यात मुळातले इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो अर्धा टक्क्याच्या आसपास, दुसऱ्यात साडेचार टक्क्यांच्या आसपास. दोन खात्यांत भांडवल वेगळं असल्यावर जमाखर्च दोन्हीकडे एकाच वेळी सारखा जुळू शकत नाही. डिसेंबर २०२५ चा पेपर हाच. एलएसएनडी आणि मिनीबून या दोघांनाही एकाच हलक्या अलिप्त न्यूट्रिनोने समजावण्याची शक्यता ९५ टक्के खात्रीने बाद. शेवटचा खणसुद्धा उघडून बघितला.

कार्ल्सरुहकर:

मी कार्ल्सरुहला राहतो, आयटीत आहे, फिजिक्समधला नाही. पण काट्रिनबद्दल इथे येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगितली जाते ती लिहितो. त्यांची मोठी टाकी, २३ मीटर लांब, १० मीटर व्यास, २०० टन, बव्हेरियात डेगेनडॉर्फला बनवली. सरळ रस्त्याने अंतर ४०० किलोमीटरसुद्धा नाही पण एवढं धूड हायवेवरून आणता येईना. म्हणून २००६ मध्ये ती डॅन्यूबमधून काळ्या समुद्रात, तिथून भूमध्य समुद्र, मग अटलांटिकला वळसा आणि ऱ्हाईन नदीतून वर, असा जवळजवळ ९ हजार किलोमीटरचा फेरा मारून आणली. शेवटचे सात किलोमीटर रस्त्याने, लिओपोल्ड्सहाफेन गावातून. त्या फोटोत चकचकीत टाकी दोन्ही बाजूंच्या घरांच्या छपरांमधून कशीबशी सरकतेय आणि अख्खा गाव रस्त्यावर उभा आहे. मला जत्रेतला रथ गल्लीतून वळवतात ते आठवलं, तसाच श्वास रोखून बघणारा घोळका.

त्यांनी काय शोधलं ते कुणीतरी सांगा.

मृद्गंधा:

किती छान लिहिलंत! काट्रिनची वाट पूर्ण वेगळी आहे आणि म्हणूनच दोन्ही पेपर एकत्र आल्याचं महत्त्व. ते लाटा बघतच नाहीत. ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप) विघटित होताना इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो निघतात आणि १८.६ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा दोघांत वाटली जाते. न्यूट्रिनोच्या वाट्याला काय गेलं ते इलेक्ट्रॉनची ऊर्जा काटेकोर मोजून कळतं. कधीकधी बाकीच्या तिघांपेक्षा जड असा चौथा निघत असेल तर इलेक्ट्रॉनांच्या आलेखात शेवटाजवळ एक बारीक खाच दिसायला हवी. २५९ दिवसांचा डेटा, ३ कोटी ६० लाख इलेक्ट्रॉन, आणि खाच नाही. मिश्रण जन्माच्या जागीच तपासलं, त्यामुळे वाटेत काही घडलं असेल ही पळवाटच नाही.

चिंतामणी_ठाणे:

उत्तम धागा. मुंबईचा दुवा जोडतो. ट्रॉम्बेला बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्रात) ध्रुव अणुभट्टीशेजारी इस्मरान नावाचा न्यूट्रिनो डिटेक्टर उभारलाय. प्लास्टिक सिंटिलेटरचे (कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकचे) ९० बार, प्रत्येक १ मीटर लांब आणि १० बाय १० सेंटिमीटर, भोवती गॅडोलिनियमचा लेप असलेला कागद, एकूण वजन सुमारे १ टन, गाभ्यापासून अंतर साधारण १३ मीटर. अणुभट्टी बाहेरूनच तपासणं हा एक हेतू आणि अलिप्त न्यूट्रिनो शोधणं हा दुसरा. चेंबूर-मानखुर्दच्या लोकलमधून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल!

मात्र २०११ मध्ये 'अणुभट्टीतून ६ टक्के न्यूट्रिनो कमी येतात' असा जो गवगवा झाला होता त्याचं काय झालं?

मृद्गंधा:

चिंतामणीकाका, इस्मरानबद्दल खास धन्यवाद. भट्टीच्या इतक्या जवळ न्यूट्रॉन आणि गॅमाचा मारा असतो, त्यातून खऱ्या घटना वेचणं फार कष्टाचं काम आहे, त्या ग्रुपबद्दल मला मनापासून आदर आहे.

ते ६ टक्के आता बहुतेक सुटलंय. चीनच्या दाया बे प्रयोगाने २०१७ मध्ये दाखवलं की तूट मुख्यतः युरेनियम २३५ च्या वाट्याची दिसते. अलिप्त न्यूट्रिनो असता तर त्याने युरेनियम आणि प्लुटोनियममध्ये भेदभाव केला नसता. मग २०२१ मध्ये रशियाच्या कुर्चातोव्ह संस्थेच्या नव्या मोजणीतून कळलं की युरेनियमचा जुना संदर्भ आकडाच साधारण ५ टक्के फुगलेला होता. आणि २०२३ मध्ये ग्रेनोबलच्या स्टेरिओ प्रयोगाने जवळून तपासून अलिप्त न्यूट्रिनोची गरज नाही म्हणून सांगितलं.

न सुटलेलं आहे ते गॅलियमचं. कॉकेशसमध्ये बाकसान इथे डोंगराखाली बेस्ट नावाचा प्रयोग झाला. गॅलियम म्हणजे तो धातू जो ३० अंशाखालीच वितळतो, तळहातावर ठेवला तरी पाणी होतो. त्याच्या टाकीच्या मधोमध क्रोमियम ५१ चा प्रचंड किरणोत्सारी स्रोत ठेवला आणि न्यूट्रिनोमुळे गॅलियमचे किती अणू जर्मेनियम झाले ते रसायनाने वेगळे काढून मोजले. टनावारी धातूतून मूठभरही नाही, मोजके अणू! आतल्या भागात अपेक्षेच्या ७९ टक्के, बाहेरच्या भागात ७७ टक्के. वीस टक्क्यांहून जास्त तूट, आणि ती याआधीच्या गॅलियम प्रयोगांशीही जुळते. अलिप्त न्यूट्रिनोने ती समजवायची म्हटली तर लागणारं मिश्रण काट्रिनने बऱ्याच अंशी बाद केलंय. मग तूट कशाची? आत्ता तरी कुणाकडे पटेल असं उत्तर नाही. मला रोज आठवणारा प्रश्न हाच आहे.

अनिकेत_नगर:

ताई किल्लीचं उदाहरण पटलं. परत एकदा सगळं वाचलं. म्हणजे ८८ घटना दिसल्या त्या खोट्या नव्हत्या, फक्त त्यांचं कारण हे नव्हतं, असंच ना? मग एलएसएनडीत नेमकं काय दिसलं होतं?

मृद्गंधा:

हो, असंच. त्या ८८ आणि त्या ६३८ घटना अजून तशाच आहेत, कुणी पुसलेल्या नाहीत. एका सोप्या कारणाचा रस्ता बंद झाला. फोटॉनच्या बाजूने तपास चालूच आहे. फर्मीलॅबमध्ये त्याच झोतावर आता दोन डिटेक्टर लागलेत, एसबीएनडी ११० मीटरवर आणि इकारस ६०० मीटरवर. इकारस आधी इटलीत ग्रान सास्सोला होता, मग सर्नमध्ये दुरुस्त होऊन २०१७ मध्ये इकडे आला. जवळचा आणि लांबचा एकाच पद्धतीचे, दोन्हीकडे आर्गॉन, त्यामुळे वाटेत काय बदललं ते थेट ताडून बघता येईल. एसबीएनडीला दिवसाला हजारो न्यूट्रिनो मिळतात, आम्ही ज्यासाठी वर्षानुवर्षं थांबलो तेवढा साठा तिथे फार लवकर होतो.

आणि एक, बाद झालाय तो 'एकच, हलका' अलिप्त न्यूट्रिनो. खूप जड असलेल्या अलिप्त न्यूट्रिनोची शक्यता शाबूत आहे. आपल्याला दिसणारे सगळे न्यूट्रिनो डावखुरे असतात (म्हणजे त्यांची गिरकी एकाच बाजूची), उजवा जोडीदार कधी दिसलेलाच नाही, आणि न्यूट्रिनोला एवढं कमी वजन का याचं एक आवडतं उत्तर तो जड उजवा जोडीदार असल्यावरच बसतं.

रानवारा:

थेनीच्या आयएनओचं (भारताच्या नियोजित न्यूट्रिनो वेधशाळेचं) काय? तिथेही अलिप्तचा शोध होणार होता ना?

चिंतामणी_ठाणे:

मी सांगतो. तमिळनाडूत पोट्टिपुरमला डोंगराखाली ५० हजार टनांचा लोखंडी डिटेक्टर व्हायचा होता, जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. पण डोंगर, पाणी, जंगल याबद्दल तिथल्या लोकांचा विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं, राज्य सरकारही विरोधात, काम अडलंय. मदुराईला ८५ टनांचा छोटा नमुना मात्र चालवलाय. मला दोन्हीचं वाईट वाटतं. कोलारनंतर आपली स्वतःची खोल जागा हवीच होती, आणि ज्या गावकऱ्यांच्या डोंगरात ती होणार त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून त्यांच्या भाषेत बसून बोलायला हवं होतं.

डोंबिवलीकर_सर:

सहमत.

मृद्गंधा, एक विनंती. आमच्या सोसायटीतल्या आठवी-नववीच्या मुलांना रविवारी तासभर फिजिक्स सांगतो. त्यांना ते पिसाऱ्याचं चित्र दाखवायचंय. मिळेल का?

मृद्गंधा:

सर, नक्की. प्रयोगाने प्रसिद्ध केलेली चित्रं सगळ्यांना बघता येतात, त्यातली दोन निवडून आज रात्री इथेच लावते, एक इलेक्ट्रॉनचं आणि एक फोटॉनचं, नावं न लिहिता. मुलांना आधी काहीच सांगू नका, फक्त म्हणा की दोन्ही रेघा जिथून सुरू होतात तिथे बोट ठेवा. आणि जमलं तर मोठ्या कागदावर प्रिंट काढा, मोबाइलवर ती रिकामी जागा दिसत नाही.

डोंबिवलीकर_सर:

ए-थ्रीवर काढतो. कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे, कलर प्रिंट करतो. मुलांनी कुठे बोट ठेवलं ते सोमवारी लिहितो.